कान-नाक टोचलेलं असताना स्कायडायव्हिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर कोल्हापूरच्या गुजरीतल्या सोनारांचं. आजोबा सोन्याच्या तारेनं कान टोचायचे. मी सुईनं टोचते, आणि कानाबरोबर नाक, भुवई, बेंबी, जीभ असं सगळंच. गेल्या काही वर्षांत एक नवाच प्रश्न सारखा यायला लागलाय : "ताई, स्कायडायव्हिंगला चाललोय, हे काढू का ठेवू?" माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण दुबईला नाहीतर थायलंडला फिरायला जाताना उडी ठरवतात, काही हरियाणात नारनौलला जातात. मी स्वतः दोन उड्या मारल्यात. पहिल्या उडीत एक बुगडी गेली आणि कानाला दोन टाके पडले, ती हकीकत प्रश्न ३ मध्ये आहे. व्हॉट्सॲपवर तेच तेच लिहून बोटं दुखली म्हणून आता सगळं एकत्र केलं. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त नावं काढलीत.

इथलं सगळं टँडम उडीबद्दल आहे, म्हणजे इन्स्ट्रक्टरला पट्ट्यांनी जोडून मारायच्या उडीबद्दल. एकट्यानं उडी शिकणाऱ्यांनी प्रश्न १७ पण वाचावा.

१. फार वाचायला वेळ नाही. काढू का ठेवू?

भोक जुनं आणि पूर्ण भरलेलं (म्हणजे आतली जखम बरी झालेली, भोक बुजलेलं नव्हे) असेल तर दागिना काढा. भोक नवं असेल तर उडी पुढे ढकला. काढता येत नाही आणि उडी पण ढकलता येत नाही, अशा मधल्या लोकांसाठी चिकटपट्टी आहे (प्रश्न ११). आणि ज्या ठिकाणी उडी मारणार तिथल्या इन्स्ट्रक्टरनं "काढा" म्हटलं तर माझं इथलं लिहिलेलं दाखवून वाद घालू नका. शेवटचा शब्द त्यांचा.

२. एवढ्या वाऱ्यात कानातलं उडून जातं का?

घट्ट बसलेली कुडी किंवा टॉप्स वाऱ्यानं उडत नाहीत. विमान साधारण १० ते १३ हजार फुटांवर गेलं की उडी होते. पहिल्या १०-१२ सेकंदांत वेग वाढत जातो आणि मग ताशी १९०-२०० किलोमीटरच्या आसपास स्थिर होतो. दोन माणसांचं वजन एकत्र असल्यानं वेग याहूनही वाढला असता, म्हणून टँडममध्ये उडी मारल्यावर लगेच मागे एक छोटी ओढ-छत्री सोडतात. मुख्य छत्री उघडेपर्यंतचा हा काळ उंचीप्रमाणे अर्ध्या मिनिटापासून एक मिनिटापर्यंत.

तेवढ्या वेळात वारा चपट्या दागिन्याला चामडीवर दाबूनच धरतो. लोंबणाऱ्या गोष्टींचं मात्र तसं नाही. झुबे, डूल, मोठी रिंग, कानावरून केसांत अडकवलेली वेल, हे सगळं फडफडतं. गालावर, मानेवर चापट बसल्यासारखं बसत राहतं, आणि तुमच्या डोक्यामागे इन्स्ट्रक्टरचं तोंड आहे हे विसरू नका. लोंबणारं काहीही असेल तर प्रश्नच नको, काढायचं.

३. मग कान फाटतो तरी कधी?

जमिनीवर. माझा तरी तिथंच फाटला.

पहिल्या उडीला मी शहाणपणा करून झुबे काढले होते, पण बुगड्या ठेवल्या. वीस वर्षं कानात होत्या, घट्ट होत्या, मला वाटलं यांना काय होतंय. वर काहीच झालं नाही. छत्री उघडली, खाली हिरवं हिरवं दिसत होतं, सहा-सात मिनिटं मजेत गेली, गवतावर छान घसरत उतरलो. आणि मग आनंदाच्या भरात मी गॉगल स्वतःच डोक्यावरून मागे ओढून काढला. त्याचा रबरी पट्टा उजव्या बुगडीच्या मोत्यांमागे अडकला होता. कानाच्या वरच्या कडेला भोकापासून बाहेरपर्यंत चीर गेली. बुगडी उडाली ती गवतात. चूक माझीच होती. तिथल्या लोकांनी आधी दोनदा विचारलं होतं.

तेव्हापासून मी लोकांना उडीचे टप्पे मोजून दाखवते. जंपसूट डोक्यावरून चढवायचा असेल तर तेव्हा. हार्नेसचे पट्टे आवळताना. गॉगल लावताना आणि काढताना. वर असताना मोकळे सुटलेले केस रिंगेला गुंडाळले जातात, ते नंतर सोडवताना. छत्री उघडते तेव्हा वेग काही सेकंदांत खूप कमी होतो आणि पट्टे, विशेषतः मांड्यांचे, अंगात रुततात, तेव्हा. उतरल्यावर मिठ्या मारताना, हे पण लिहाच. एका मुलीची भुवईतली बारबेल (टोकांना गोळ्या असलेली दांडी) मैत्रिणीच्या स्वेटरात अडकली होती.

गॉगलचा पट्टा कानाच्या वरून घ्यायला सांगा, आणि काढताना दोन्ही हातांनी आधी पुढे ओढून, पट्टा कानापासून सुटा करून मग वर उचला. केसांची घट्ट, खाली बांधलेली वेणी घाला. अंबाडा नको, उडी मारताना डोकं मागे इन्स्ट्रक्टरच्या खांद्यावर टेकवायचं असतं आणि अंबाडा मध्ये येतो.

४. वर हवेचा दाब कमी असतो, मग टोचलेली जागा सुजते का? धातू गार पडून चामडीला चिकटतो का?

दोन्ही होत नाही. टोचलेल्या भोकात हवा कोंडलेली नसते, त्यामुळे दाब बदलून तिथं काही फुगत नाही. कानाला दडे बसतात ते आतल्या नळीमुळे, त्याचा पाळीच्या भोकाशी संबंध नाही. थंडीचं म्हणाल तर दर हजार फुटांना साधारण २ अंश तापमान उतरतं. खाली ३५ असेल तर १३ हजार फुटांवर ९-१० अंश, वर वारा. गार लागतं, पण एका मिनिटात धातू चामडीला चिकटेल इतकं नाही.

५. गेल्या महिन्यात हेलिक्स टोचलंय. पुढच्या आठवड्यात उडी बुक आहे. चालेल?

माझं मत, नको. हेलिक्स म्हणजे कानाची वरची कड. त्या वरच्या कूर्चेत रक्तपुरवठा कमी असतो, ती जागा भरायला ६ महिने ते वर्ष लागतं. पाळीला ६ ते ८ आठवडे पुरतात. नाकपुडीला ४ ते ६ महिने धरा, भुवई आणि ओठाला ६ ते ८ आठवडे, बेंबीला आणि छातीला ६ महिने ते वर्ष, कधी जास्तच. बाहेरून बरं दिसतं म्हणून आतून भरलंय असं नसतं. बाहेरची तोंडं आधी भरतात, मधला बोगदा कच्चाच राहतो.

नवं भोक असताना दोन्हीकडून अडचण होते. दागिना काढला तर काही तासांत भोक आकसतं, आत पू असेल तर तो कोंडतो. ठेवला तर पट्ट्यात अडकायची भीती, शिवाय गॉगल आणि टोपी शेकडो लोकांनी घातलेली, घामट. उघड्या जखमेवर ते नको.

तुम्ही अजून टोचलंच नसेल आणि दोन्ही हौसा असतील तर क्रम सोपा आहे. आधी उडी, मग टोचणं.

६. एका दिवसापुरतं काढलं तर भोक बुजेल का?

लहानपणी बारशाला टोचलेले कान असतील तर आठवडाभर रिकामे ठेवले तरी बहुतेकांचं काही होत नाही. नाकाचं तसं नाही. नाकपुडीच्या आतलं अस्तर ओलं आणि झटपट जुळणारं, पाच-सहा वर्षं जुनं भोक पण एका दिवसात आकसलेलं मी पाहिलंय. जिभेचं तर त्याहून लवकर. म्हणून नाक आणि जीभ असेल तर दागिना शक्य तितक्या उशिरा काढायचा, उतरल्यावर शक्य तितक्या लवकर घालायचा. मध्ये काय ठेवता येईल ते प्रश्न १२ मध्ये, घालताना काय करायचं ते प्रश्न २१ मध्ये.

७. आईची चमकी लग्नापासून काढलेली नाही, फिरकी फिरतच नाही. काय करू?

हा प्रश्न मुली विचारतात आणि उडी आई मारणार असते. मला फार आवडतात असल्या आया.

उडीच्या दिवशी सकाळी हॉटेलात बसून पक्कडीनं ओढाओढी करू नका. निदान चार-पाच दिवस आधी सुरू करा. कोमट पाण्यात मऊ कापड भिजवून नाकावर धरायचं, साबणाच्या पाण्यानं फिरकीचा मळ सोडवायचा, हळूहळू उलटी फिरवायची. नाही सुटली तर सोनाराकडे जा. कान सोनारानंच टोचावेत म्हणतात, तसं जाम झालेली फिरकीही सोनारानंच काढावी. आमच्याकडे बारीक चिमटे असतात आणि मळसूत्र कुठल्या बाजूला फिरतं हे बघून कळतं. जुन्या चमक्या २२ कॅरटच्या, मऊ सोन्याच्या, जोर लावला की दांडी वाकते आणि मग कापावीच लागते.

८. चमकी एवढीशी असते. ती राहिली तर काय बिघडतं?

बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. पण कानातलं निसटलं तर बाहेर पडतं, चमकीची फिरकी निसटली तर ती नाकात आत पडते. चमकीचे भाग श्वासाबरोबर आत जाऊन फुफ्फुसाच्या नळीत अडकल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत, तेही घरात बसलेल्या बायकांच्या बाबतीत. इथं तर तुम्ही तोंड उघडून ओरडत जोरात श्वास घेणार.

दुसरं म्हणजे गार वाऱ्यानं नाक गळतं आणि लोक उतरल्या उतरल्या हाताच्या पाठीनं नाक पुसतात. चमकी त्यात अडकते. ठेवायचीच असेल तर फिरकी घट्ट आहे का बघा आणि नाक रुमालानं टिपा, पुसू नका. वळलेल्या तारेची, मागे फिरकी नसलेली फुली असेल तर ती काढाच.

९. नऊवारी नेसून, नथ घालून उडी मारायची आहे. फोटोसाठी. जमेल का?

नऊवारीची उडी झालेली आहे. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये पट्टायाला नऊवारी नेसून १३ हजार फुटांवरून उडी मारली. पण त्यांच्या मागे शेकडो उड्यांचा अनुभव होता. पहिल्याच टँडमला साडीला परवानगी मिळणं कठीण, कारण सुटलेला पदर इन्स्ट्रक्टरच्या हँडलवर गेला तर गंमत राहत नाही.

नथ तर मी नाहीच म्हणेन, टोचायची असो वा दाबाची. टोचायची असेल तर मोत्यांचं वजन आणि तारेचा आकडा, दोन्ही गॉगलच्या कडेला येतात. दाबाची असेल तर ती पहिल्या पाच सेकंदांत गेलीच. नाकापेक्षा मोती जड हे इथं अक्षरशः खरं होतं. खाली उतरल्यावर नथ घाला, मागे छत्री पसरलेली असते, फोटो तिथं काढा. मी तसाच काढलाय, दुसऱ्या उडीत.

१०. मी पुरुष आहे, भिकबाळी घालतो. फेट्यावर शोभते म्हणून कायम कानात असते. ठेवली तर?

आडव्या रेषेत बघितलं तर भिकबाळी नेमकी गॉगलच्या पट्ट्याच्या वाटेवर असते. कानाच्या वरच्या भागात, तारेला मोती ओवलेले, मागे आकडा. माझ्या बुगडीची सख्खी चुलतबहीणच. काढा. दाबाची असेल तर खिशातही ठेवू नका, खाली कुणाकडे तरी द्या. आणि फेटा बांधून उडी मारता येत नाही, हे पण तुमच्यातल्या तिघांनी विचारलंय म्हणून सांगून ठेवते.

११. काढता येतच नाही. चिकटपट्टी कशी लावायची?

आधी एक समजून घ्या. आपल्या शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की रेफरी दागिन्यावर पट्टी लावून आलेल्या खेळाडूला खेळू देत नाही. फुटबॉलच्या नियमातच आहे, दागिना झाकणं चालत नाही, काढावाच लागतो. स्कायडायव्हिंगमध्ये समोर धडकणारा दुसरा खेळाडू नसतो म्हणून बऱ्याच ठिकाणी पट्टी चालवून घेतात. पट्टीनं दागिना सुरक्षित होत नाही, फक्त त्याची कड कशात अडकायची शक्यता कमी होते.

लावायची पद्धत. जागा धुऊन पूर्ण कोरडी करा, तेल-क्रीम लावलेलं असेल तर पट्टी धरत नाही. लोंबणारा, उभा राहणारा भाग आधीच बदलून चपटं टोक बसवा. दागिन्यावर छोटी गॉजची घडी ठेवा, म्हणजे गोंद दागिन्याला आणि भोकाला लागणार नाही. त्यावर कागदी पट्टी, मेडिकलमध्ये मायक्रोपोर म्हणून मागितली की मिळते. पट्टी दागिन्याच्या दोन्ही बाजूंना निदान दोन बोटं पुढे जाऊ द्या, आणि कानाला असेल तर पुढून मागे कडेवरून वळवा. फक्त पुढच्या बाजूला चिकटवलेली पट्टी वाऱ्यात पहिल्यांदा सुटते. दुकानातली पॅकिंगची किंवा इलेक्ट्रिकची टेप नको. ती काढताना चामडी घेऊन येते.

काढताना घाई करू नका, फाटायची दुसरी वेळ तीच. पट्टी कोमट पाण्यानं भिजवून, एका हातानं दागिना चामडीवर दाबून धरून, दुसऱ्या हातानं पट्टी चामडीच्या लगत मागे दुमडत काढायची. सरळ वर ओढली की दागिना पण वर येतो.

१२. भोक बुजू नये म्हणून कडुलिंबाची काडी घातली तर चालेल का? आजी म्हणते. मित्र म्हणतो तंगूस घाल.

आजीची काडी घरी ठीक आहे, कित्येक पिढ्यांनी घातली. उडीत नको. वाळलेली काडी गॉगलच्या पट्ट्याखाली मोडली तर कुसळ भोकातच राहतं. तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉन दोरा, वाकतो हे खरं, पण कापलेलं टोक सुरीसारखं असतं आणि तो दोरा शरीरात ठेवण्यासाठी बनवलेला नाही.

यासाठी रिटेनर मिळतात. बायोप्लास्टचे किंवा पीटीएफईचे, म्हणजे प्लास्टिकचेच प्रकार, पारदर्शक किंवा पांढरे, वाकणारे, टोकाला चपटी चकती. ओढ बसली तर ते वाकतात आणि निसटतात, चामडी वाचते. काचेचे पण असतात, रोजच्या वापराला उत्तम, पण उडीला काच मी देत नाही. धातूच हवा असेल तर टायटॅनियमचं लॅब्रेट, म्हणजे मागे चपटी चकती असलेली दांडी. साध्या बाजारी धातूत निकेल असतं, घाम आला की ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांना खाज सुटते. नवा रिटेनर उडीच्या आठवडाभर आधी घालून बघा.

१३. बेंबीत रिंग हाय. हार्नेसचा पट्टा आवळल्यावर फाटंल का?

मुख्य पट्टे खांद्यावरून, छातीवरून आणि मांड्यांभोवती जातात. काही टँडम हार्नेसना पोटावरून पण पट्टा असतो. बुकिंग करताना विचारा, हा प्रश्न विचारायला लाजू नका, त्यांना रोज येतो.

पट्ट्यापेक्षा मला उतरण्याची काळजी जास्त असते. उतरताना दोन्ही गुडघे छातीकडे उचलून धरायचे असतात. त्यात पोटाची घडी पडते, वरची गोळी कमरपट्ट्यात, बटणात किंवा जंपसूटच्या चेनमध्ये दाबली जाते. जुनी असेल तर काढा, नाहीतर वाकणारा रिटेनर घाला, वर गॉज, त्यावर मऊ सुती बनियन आत खोचलेलं. उंच कमरेची, पुढे बटण असलेली जीन्स त्या दिवशी नको. वर्षाच्या आतली असेल तर प्रश्न ५.

१४. जिभेत बारबेल आहे. तोंडात आहे म्हणजे सुरक्षितच ना?

बाहेरून काही अडकत नाही, खरं. पण छत्री उघडताना हिसका बसतो आणि माणूस आपोआप दात आवळतो. मध्ये धातूची गोळी आली तर दाताचा टवका उडतो. जिभेच्या दागिन्यानं दात तुटणं आणि हिरड्या मागे सरणं हे एरवीही होतं, इथं त्याला निमित्त मिळतं. दुसरं, गोळी सैल झाली तर गिळली जाईल नाहीतर श्वासात जाईल. भरलेली असेल तर काढा आणि उतरल्यावर तासाभरात घाला. ओठाचं लॅब्रेट आतून चपटं असेल तर पट्टी लावून चालतं, पण वाऱ्यानं ओठ आणि गाल फडफडतात आणि लाळ येते, त्यामुळे पट्टी टिकेल याची खात्री मी देत नाही.

१५. छातीला टोचलंय. आणि, म्हणजे, त्याच्याही खाली. कुणाला विचारायचं कळत नाही.

मला विचारलंत, बरं केलंत. हा प्रश्न मुलंही विचारतात आणि मुलीही, बहुतेक रात्री बारानंतर.

खांद्यावरून खाली येणारे जाड पट्टे छातीच्या दोन्ही बाजूंनी जातात आणि छत्री उघडताना ताणले जातात. भरलेलं असेल तर काढा. नाहीतर रिंगऐवजी सरळ, नेमक्या लांबीची बारबेल, वर गॉज, मुलींनी घट्ट पण मऊ स्पोर्ट्स ब्रा. हार्नेस चढवण्याआधी "इथं टोचलंय, पट्टा जरा बाजूला बसवा" एवढं सांगितलं की पुरतं, मुलींना बाईमाणूस मागता येतं. खालच्या बाबतीत सल्ला एकच आहे. मांड्यांचे पट्टे थेट जांघेत बसतात आणि उघडताना शरीराचा मोठा भार त्यांच्यावर येतो. काढा. काढता येत नसेल तर उडी नको.

१६. डर्मल असेल तर? आणि मोठे टनेल घातलेले असतील तर?

डर्मल चामडीत एकाच बाजूनं रुतलेलं असतं, घरी काढता येत नाही. पट्ट्याच्या वाटेवर असेल (छातीच्या मध्यावर, खांद्याच्या पुढे, कमरेवर) तर आधी टोचणाऱ्याकडून काढून घ्या आणि जखम भरल्यावर जा. पट्ट्याच्या वाटेवर नसेल तर वरचं टोक चपटं करून प्रश्न ११ प्रमाणे झाका.

टनेल म्हणजे पाळीचं भोक मोठं करून घातलेली पोकळ नळी. ती काढली की लोंबणारी पाळी उरते आणि तीच टोपीच्या किंवा गॉगलच्या पट्ट्यात सापडते. म्हणून इथं मी उलटं सांगते, मऊ सिलिकॉनचे भरीव प्लग घाला आणि पाळी मागे वळवून पट्टीनं कानाला चिकटवा. पोकळ टनेल नको.

१७. मी एकट्यानं उडी शिकतोय. माझ्यासाठी काय वेगळं? पॅराग्लायडिंगला पण हेच का?

शिकणाऱ्याला कडक हेल्मेट असतं आणि ते दिवसातून अनेकदा चढतं-उतरतं. पूर्ण चेहरा झाकणारं असेल तर आतले फोमचे गाल कानावरून घासत जातात, सगळ्या रिंगा, इंडस्ट्रियल बारबेल (कानाच्या वरच्या दोन भोकांतून जाणारी लांब दांडी) आणि सेप्टम (नाकाच्या मधल्या पडद्यातला दागिना) त्यात सापडतात. हनुवटीचा पट्टा ओठाखालच्या लॅब्रेटवर येतो. शिवाय तुमच्या पाठीवरची छत्री तुम्हीच गुंडाळणार. तिचं कापड पातळ नायलॉनचं, त्यात अणकुचीदार अंगठी किंवा रिंग अडकून चीर गेली तर नुकसान कानापेक्षा महागाचं. शिकायचा काळ असेल तर सरळ सगळं काढून ठेवा आणि रोज रात्री भोकं मोकळी आहेत का बघा.

कामशेतला किंवा पाचगणीला पॅराग्लायडिंगला जाणाऱ्यांना वेग कमी आणि छत्री उघडतानाचा हिसका नाही. पण हेल्मेट तेच, हनुवटीचा पट्टा तोच. कानाच्या बाबतीत सगळं लागू.

१८. मंगळसूत्र आणि जोडवी काढायलाच लागतात का? सासूबाई ऐकायच्या नाहीत.

ही टोचलेली नाहीत, पण प्रश्न एवढे येतात की घ्यावाच लागला. गळ्यातलं मोकळं असेल तर वाऱ्यात वर उडून तोंडावर येतं, म्हणून बहुतेक ठिकाणी काढायला सांगतात. काही जण आखूड असेल तर कपड्याच्या आत घेऊन पट्टीनं चिकटवायला परवानगी देतात. जोडवी बंद बुटात, मोज्यात असतील तर सहसा कुणी हरकत घेत नाही. बांगड्या काढाव्या लागतात. सासूबाईंच्या बाबतीत माझ्याकडे चिकटपट्टी नाही. एका काकूंनी मात्र मंगळसूत्र उतरवून खाली उभ्या असलेल्या काकांच्याच गळ्यात घातलं होतं. ते उडी संपेपर्यंत घालून उभे राहिले.

१९. विमानात बसल्यावर लक्षात आलं की कानातलं राहिलंय. तेव्हा काय?

लगेच इन्स्ट्रक्टरला सांगा. तिथं दाटीवाटीत, हातमोजे घालून फिरक्या काढत बसू नका. पडली तर सापडत नाही आणि घाईत भोक दुखावतं. साधी कुडी असेल तर ते गॉगलचा पट्टा जरा वर घेऊन पुढे जातात. लोंबणारं असेल तर काय करायचं ते तेच ठरवतील. गप्प बसणं तेवढं करू नका.

२०. फाटलंच तर?

स्वच्छ गॉजनं किंवा धुतलेल्या रुमालानं सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये मध्ये उघडून बघू नका. दागिना अजून लटकत असेल आणि सहज निघत असेल तर काढा, नसेल तर ओढू नका. हळद, कॉफी, टूथपेस्ट काही भरू नका. पाळी आरपार फाटली असेल तर त्याच दिवशी टाके घालून घ्या. वरची कूर्चा फाटली असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडेच जा, तिथला संसर्ग कानाचा आकार बिघडवतो. दोन-चार दिवसांत कान लाल, गरम, ठणकायला लागला तर वाट बघू नका. उतरण्याची जागा म्हणजे माती आणि गवत, तेव्हा धनुर्वाताच्या इंजेक्शनला ५ वर्षं होऊन गेली असतील तर डॉक्टरांना तसं सांगा.

परत टोचायचं झालं तर निदान ३ महिने थांबा आणि जुन्या वणावर नको, बाजूला. वण उचलून वाढायची, केलॉइडची सवय असेल तर टोचायच्या आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

२१. काढून ठेवलेलं परत कधी आणि कसं घालायचं?

हात साबणानं धुतल्याशिवाय नाही. मैदानावरची धूळ आणि घाम आधी सलाइननं पुसून घ्या. मेडिकलमध्ये ०.९ टक्क्याचं निर्जंतुक सलाइन मिळतं. दागिनाही त्यानंच धुवा. जात नसेल तर गरम पाण्यानं अंघोळ केल्यावर परत बघा, चामडी सैल झालेली असते. तरीही गेलं नाही तर दाबून घुसवू नका, आत दुसरीच वाट पडते. दोन दिवसांच्या आत टोचणाऱ्याकडे जा. आमच्याकडे निमुळत्या सळया असतात, बहुतेक भोकं परत मोकळी होतात.

आणि काढलेलं सोनं जंपसूटच्या खिशात नको. गोळ्यांची डबी घ्या, फिरक्या त्याच डबीत, आणि डबी हॉटेलच्या तिजोरीत. नाक-जिभेचं मात्र उतरल्यावर लगेच घालायचं असतं, ती डबी खाली कुणाकडे तरी द्या.

२२. तुमची बुगडी सापडली का?

नाही. त्या मैदानातल्या दोघांनी माझ्याबरोबर अर्धा तास गवत चाळलं. डावी अजून डबीत आहे. जोड करायला बाबांनी मोती आणून ठेवलेत, पण उजव्या कानाचा वण अजून कडक लागतो, त्यामुळे मी थांबलेय.